मोरपंखीची डावी बाजू

शनिवार, नऊ एप्रिल. रक्कम आठ हजार चारशे युरो, रोख. हजर: विकणारा, उल्मजवळच्या खेड्यातला एक निवृत्त वनरक्षक, घेणारे रघुनाथ ओतारी, त्यांची पत्नी उर्सुला, आणि साक्षीदार म्हणून मी. वस्तू: अमेरिकेतल्या यादवी युद्धात घोडदळाने वापरलेली एक कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक. ठिकाण: जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावातला ओतारीकाकांचा फ्लॅट. तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही.

हे सगळं मी त्याच दिवशी कागदावर उतरवलं होतं, म्हणून आज दहा वर्षांनी सांगू शकतो. मी एका कंपनीत हिशेब आणि खर्चाचं नियंत्रण बघतो. ओतारीकाकांनी मला साक्षीला बोलावलं ते त्यासाठीच. "महाजन, तुम्ही आमचे ऑडिटर. जे दिसतं तेच लिहा. माझा आनंद लिहू नका," असं त्यांनी मला बजावलं. मी जे दिसलं ते लिहिलं. बंदूक टेबलावर उलटसुलट करून पाहिली आणि खरेदीखताला जोडलेल्या पानावर नोंद केली: उजवी बाजू, दोन बारीक ओरखडे. डावी बाजू, मूळ पाणी पूर्ण, एकही डाग नाही.

पाणी म्हणजे लोखंड कठीण करताना त्यावर उठणारे निळे-जांभळे-तपकिरी रंग. घोडदळाची बंदूक पावसात भिजते, खोगिराला घासते, त्यामुळे दीडशे वर्षांनी हे रंग सहसा उरत नाहीत. या बंदुकीवर ते होते. काकांनी पांढरे सुती हातमोजे घालून ती खिडकीपाशी धरली आणि म्हणाले, "मोरपंखी." झालं, तेच तिचं नाव पडलं.

त्यांच्याकडे अशा नऊ होत्या. कारखानदारांची मूळ नावं त्यांना तोंडपाठ होती, पण घरात ती वापरत नसत. एक मधोमध मोडून उघडायची, ती विळी. एकीचा खालचा दांडा ओढला की तोंड उघडायचं, ती अडकित्ता. एक फार जड होती, ती वरवंटा. "अहो, तुमचा वरवंटा माझ्या इस्त्रीच्या टेबलावर काय करतोय?" असं उर्सुलाकाकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, तेव्हा नवख्या पाहुण्याला काही कळत नसे.

उर्सुलाकाकू जन्माने बोडेन्झेच्या, म्हणजे दक्षिणेतल्या त्या मोठ्या तळ्याकाठच्या. लग्नानंतर दोन वर्षं इचलकरंजीला सासरी राहिल्या आणि मराठी शिकल्या ती तिथली, सासूबाईंची. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या पुण्या-मुंबईच्या बायका "हाय, कशी आहेस" म्हणायच्या तेव्हा या सहा फुटी जर्मन बाई म्हणायच्या, "काय वो, लई दिवसांनी?" माझी मुलगी ईरा घरी आम्हाला जर्मनमध्येच उत्तरं देते. काकूंना मात्र ती मराठीत उत्तर द्यायची, कारण काकू जर्मन ऐकूनच घ्यायच्या नाहीत. "जर्मन मला बी येतंय. तुला काय येतंय ते सांग."

काकांचे वडील इचलकरंजीत मागाचे सुटे भाग ओतायचे. काका इंजिनियर होऊन चोविसाव्या वर्षी इकडे आले आणि यंत्रांच्या आराखड्यांवर काम करत निवृत्त झाले. बंदुकांचं वेड कुठून आलं, असं लोक विचारायचे. कुणाला वाटायचं, घराण्यात कुणी शिलेदार असेल. मंडळाच्या एका अध्यक्षांनी तर शिवजयंतीला त्या नऊही बंदुका हॉलमध्ये मांडायची विनंती केली होती. "आपल्या घोडदळाचा वारसा," असं काहीतरी ते म्हणाले. काकांनी शांतपणे विचारलं, "या अमेरिकन आहेत. तुमचे मावळे ओहायोला कधी गेले होते?"

खरं कारण त्यांनी मला एकदा करून दाखवलं. ते सोफ्याच्या हातावर घोड्यावर बसल्यासारखे बसले, डाव्या हातात ड्रेसिंग गाऊनचा पट्टा लगामासारखा धरला, उजव्या हातात विळी. "आता बघा. घोडा पळतोय. मागून लोक येताहेत. पायदळातला शिपाई उभा राहून नळीत गज घालून ठासतो. याला ते शक्य नाही. याला एकच हात आहे, आणि तोही थरथरतोय. चार वर्षांच्या त्या लढाईत कितीतरी कारागिरांनी हा एकच प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला. घाबरलेल्या माणसाला जे जमतं, तेच खरं डिझाइन." हे बोलताना ते सोफ्यावर खालीवर होत होते. वय तेव्हा अडुसष्ट. काकू दारातून म्हणाल्या, "घोडा मोडला तर नवा आणायला पैसे नाहीत."

खऱ्या घोड्यावर ते आयुष्यात बसले नव्हते. आमच्या एका सहकाऱ्याने स्वतःच्या तबेल्यात यायचं आमंत्रण दिलं, तर काका म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, मला घोड्यातलं काही कळत नाही. मला फक्त स्वाराची अडचण कळते."

या जुन्या, एकबारी बंदुका घरात ठेवायला इथे परवाना लागत नाही. बाहेर नेताना मात्र कुलूपबंद पेटीत न्याव्या लागतात. काकांनी बैठकीच्या खोलीत लोखंडी कपाट केलं होतं. रोज सकाळी हात तीनदा धुवून एक बंदूक काढायची, तेलाचं फडकं फिरवायचं, ठेवायची. नऊ दिवसांनी पुन्हा पहिली.

वर्षातून एक दिवस कपाटाची किल्ली काकूंकडे असायची: खंडेनवमीला. सासूबाई ओतशाळेत हत्यारांची पूजा करायच्या, भट्टीवर ओल्या कुंकवाची पाच बोटं उठवायच्या. काकूंनी ते इथे चालू ठेवलं. शिवणयंत्र, काकांचा जुना मायक्रोमीटर, गाडीची किल्ली आणि सतरंजीवर ओळीने नऊ बंदुका. प्रत्येकीवर पाच बोटं, झेंडूचं एक फूल. शेजारची म्हातारी, फ्राऊ हेगेले, दरवर्षी हात जोडून उभी राहायची आणि पुरणपोळी खाऊन जायची. काका फडकं घेऊन मागे उभे असत. काकू पोळ्या वाढायला आत गेल्या की ते भराभर नऊही बंदुका पुसून तेल लावत. मी एकदा हसलो तर म्हणाले, "ओलं कुंकू आणि लोखंड, ऑडिटर. अर्धा तास देवाचा. त्यापुढे केमिस्ट्री."

असं चाललं होतं. मग काकूंचे गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं, ते नीट बसलं नाही. दुसऱ्याचं हृदयाच्या डॉक्टरांनी करू दिलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात त्या शेवटच्या खाली उतरल्या. चढून यायला त्यांना एक तास दहा मिनिटं लागली. त्यानंतर नाही. जिन्याला खुर्ची बसवायला इमारतीतल्या इतर मालकांनी मतदानात नकार दिला. जिना अरुंद आहे, एवढंच कारण.

मी शनिवारी सामान घेऊन जायचो. काकू खिडकीत बसलेल्या असायच्या. तिथून श्टाटबानचा, म्हणजे शहरी ट्रामचा, शेवटचा थांबा दिसतो. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली ते त्या मला सांगायच्या, आणि ते बरोबर असायचं. "गडावर राहते मी," त्या म्हणायच्या. "बंदुका हैत, किल्लेदार हाय. दाणागोटा तुम्ही आणताय. फक्त खाली उतरायची वाट नाही."

वाट होती. बोडेन्झेजवळ, काकूंच्या बहिणीच्या गावात, म्हाताऱ्या माणसांसाठी मदतीसह राहायची घरं आहेत. तळमजला, दोन खोल्या, दारातून थेट बाग. काकूंचं नाव यादीत होतं. अडचण तिथल्या नियमावलीतल्या एका ओळीची होती: कोणतंही शस्त्र आणता येणार नाही, जुनं असो वा नवं. काकांनी तिथल्या बाईंशी फोनवर पंचवीस मिनिटं वाद घातला. कायद्याने मोकळ्या आहेत, दारूगोळा नाही, स्वयंपाकघरातली सुरी जास्त धोक्याची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मिस्टर ओतारी, नऊ बंदुका या नऊ बंदुकाच राहतात."

म्हणजे विकायला हव्या होत्या. काका म्हणाले, विकतो, पण नऊ एकत्र, आणि तीस हजारांच्या खाली नाही. यादी मी करावी असं ठरलं. मी एक शनिवार त्यात घालवला. आठ बंदुका मोजून, पाहून लिहिल्या. नववीची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "मोरपंखी तुम्ही पाहिलीच आहे की. तुमचंच पान आहे, तेच उतरवा." मी उतरवलं. वस्तू न पाहता नोंद करायची नाही, हा नियम मी नोकरीत एकदाही मोडलेला नाही. तिथे मोडला.

दोन वर्षांत चार गिऱ्हाइकं आली. काका प्रत्येकाला सोफ्याच्या हातावर बसवायचे आणि अडकित्ता हातात द्यायचे. "घोडा पळतोय. भरा." एकाने आधी किंमत विचारली, त्याला कॉफी न देता पाठवला. एकाने दोन्ही हात वापरले. एक चांगला होता, पण त्याला तीनच हव्या होत्या. चौथ्याने नऊही घेतो म्हटलं, तर काकांना त्याची नखं आवडली नाहीत. मोरपंखी कपाटातून बाहेर यायच्या आत प्रत्येक बैठक संपायची. बोडेन्झेच्या घरात दोनदा जागा रिकामी झाली आणि दोनदा काकांनी "अजून नाही" कळवलं.

मी एकदा जिन्यात त्यांना थेट विचारलं. "काका, पेटीत घालून म्युनिकला लिलावात का नेत नाही? मी गाडी चालवतो."

"एक दिवस लागेल. ती पडली तर?"

"मेधा बसेल काकूंजवळ." मेधा म्हणजे माझी बायको.

"नको."

"मग मी एकटा नेतो."

"नको म्हटलं ना." ते पहिल्यांदाच माझ्याशी चढ्या आवाजात बोलले. मग कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "महाजन, तुमच्या हिशेबात सगळं बसतं हो. माझ्या नाही बसत."

मला वाटलं, जीव अडकलाय बंदुकांत. मेधाला वाटलं, माणूस स्वार्थी आहे. ती तसं स्पष्ट म्हणाली आणि मी काकांची बाजू घेऊ शकलो नाही. त्या बाईला चोपन्न पायऱ्यांवर बसवून ठेवून हा माणूस रोज हातमोजे घालून लोखंड पुसत होता. आकड्यांत बघितलं तर दुसरं काही दिसत नव्हतं.

या फेब्रुवारीत तिसऱ्यांदा जागा झाली. पत्रात लिहिलं होतं की एकतीस मार्चपर्यंत होकार आणि ताबा, नाहीतर नाव यादीतून काढू. काकूंनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि त्या दिवशी गाड्यांच्या वेळा सांगितल्या नाहीत.

शनिवार, चौदा मार्च. म्युनिकहून लिंडनर नावाचे संग्राहक आले. पन्नाशीचे, शांत. माझी यादी वाचून त्यांनी फोनवरच एकतीस हजार कबूल केले होते. सोफ्यावर बसले, पट्टा डाव्या हातात घेतला, अडकित्ता उजव्या मांडीवर टेकवून एका हाताने उघडली, भरल्यासारखं केलं, मिटली. काकांकडे नाकारायला काही उरलं नाही. मी त्यांचा चेहरा पाहिला. आनंद नव्हता त्यावर.

एकेक बंदूक टेबलावर आली. शेवटी मोरपंखी. काकांनी ती उजवी बाजू वर करून ठेवली आणि हात तिच्यावरच ठेवला. लिंडनर थांबले. मग त्यांनी विचारलं, "मी पाहू का?" काकांनी हात काढला. लिंडनरनी बंदूक उलटी केली.

डाव्या बाजूला, त्या निळ्या-जांभळ्या रंगात, पाच खड्डे होते. गंजाचे, गोल, एका कमानीत. वर तेल होतं, पण गंज आत गेलेला होता.

लिंडनरनी यादी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "इथे लिहिलंय, एकही डाग नाही."

"यादी चुकली," काका घाईने जर्मनमध्ये म्हणाले. "जुनेच डाग आहेत. आधीच्या मालकाचे. महाजनांच्या नजरेतून सुटलं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ते जमलं नाही. मी म्हणालो, "नऊ एप्रिलला हे नव्हते. मी स्वतः पाहिलंय. सहीचं पान आहे."

"महाजन," काका मराठीत म्हणाले, "तोंड बंद ठेवा."

खिडकीतल्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "इकडं आणा ती."

कुणी हललं नाही. "अहो. इकडं आणा म्हणते."

लिंडनरना मराठी येत नव्हतं, पण बोलावणं कळलं. त्यांनी बंदूक काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी चष्मा लावला. मग उजवा हात उघडला आणि पाच बोटांची टोकं त्या पाच खड्ड्यांवर टेकवली. बसली.

"तुम्ही दवाखान्यात होता," त्या म्हणाल्या. "बायपासच्या वेळी. पूजा मी एकटीनं केली, घाईत बाकीच्या काढल्याच नाहीत, हिलाच बोटं उठवली आणि कपाट लावून टाकलं. किती दिवस होता तुम्ही?"

"अकरा."

"आणि घरी आल्यावर बघितलंत."

काकांनी मान हलवली. "तू दवाखान्यात माझ्यासाठी पुरणपोळी आणली होतीस त्या दिवशी. दोन ट्राम बदलून. मी काय सांगायचं होतं?"

"मग दरवर्षी ही बाजू खाली?"

"हो."

बाहेर गाडी आली आणि गेली. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मला कळू नये म्हणून दोन वर्षं तुम्ही मला वर ठेवलंत. येईल त्याला हाकललंत. मी त्या खिडकीत बसून गाड्या मोजल्या. एवढ्याशासाठी?"

काका टेबलाजवळ उभे होते, हातमोजे घातलेले हात दोन्ही बाजूंना. "आधी एक दिवस लपवायचं होतं," ते म्हणाले. "मग सांगायला जमेना."

त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि मेधा बोलली तेव्हा मी त्यांची बाजू घेतली नव्हती ते आठवून मला स्वतःकडेही बघवेना.

काकू लिंडनरकडे वळल्या आणि आपल्या गावच्या जर्मनमध्ये विचारलं, "हे माझ्या बोटांचे ठसे आहेत. बोटांसकट किती?"

लिंडनर म्हणाले, बाकीच्या आठ यादीप्रमाणे आहेत. प्रश्न फक्त हिचाच, पण संचाची किंमत हिच्यामुळेच होती. बावीस हजार पाचशे.

मी मनात वजाबाकी केली. साडेआठ हजार. मी कुजबुजलो, "काका, कमी आहे. आठवडा थांबा, मी दुसरीकडे विचारतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनी बंदूक मांडीवरून उचलून लिंडनरच्या हातात दिली होती. "लिहा, ऑडिटर," ते म्हणाले. "आणि या वेळी दोन्ही बाजू लिहा."

मी लिहिलं: डावी बाजू, गंजाचे पाच खड्डे, कारण पूजा. लिंडनरनी ती ओळ जर्मनमध्ये मागितली. मी काकूंना विचारून घातली आणि काकूंनीच तिच्याखाली सही केली.

मंगळवार, एकतीस मार्च. बोडेन्झेहून काकूंची भाची गाडी घेऊन आली. काकूंना खाली न्यायला उचलखुर्ची आणि दोन माणसं मागवली होती. पैसे घरूनच द्यायचे होते, कारण विमा कंपनीने हा खर्च मंजूर केला नव्हता. खुर्ची जिन्याला लागली तसे काका पुढे झाले. त्यांनी काकूंकडे तोंड केलं आणि उलट्या पावलांनी, दोन्ही हात पसरून, एकेक पायरी उतरू लागले. माणसं म्हणाली, आजोबा, बाजूला व्हा, तुम्ही पडाल. ते ऐकेनात. काकू म्हणाल्या, "अहो, मला दोघं धरतायत. तुम्हाला कोण धरणार?" मग मी त्यांच्या मागे गेलो आणि त्यांचा पट्टा पाठीमागून धरला. असे आम्ही पाचजण खाली आलो. अठरा मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर काका विचारायचे, "दुखतंय?" आणि काकू म्हणायच्या, "चला."

खालचं दार उघडलं. काकूंना खुर्चीतून गाडीत बसवलं. त्यांनी काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून नुसतं वाऱ्यात धरलं. काका दम लागून दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. केस विस्कटलेले, कोटाची बटणं चुकीची लागलेली. त्यांनी खिशात पाकीट शोधायला सुरुवात केली. एक खिसा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"राहू द्या," काकू गाडीतून म्हणाल्या. "मला आणलंय. पैसे मी देणार."

रक्कम एकशे चाळीस युरो, वर वीस. दिले उर्सुला ओतारी यांनी, स्वतःच्या पर्समधून, खुर्ची उचलणाऱ्या दोघांना.